दुसऱ्या श्रेणीचा उंबरठा

इंग्लंडांतील फुटबॉलचा हंगाम मे महिन्यांत संपतो. त्या महिन्याच्या अखेरीस लंडनच्या वेंब्ली मैदानावर एक सामना होतो. त्याचा विजेता देशांतील पहिला संघ ठरत नाहीं, दुसरा ठरत नाहीं, दहावाहि ठरत नाहीं. तरीहि त्या सामन्याकडे दोन गांवांचे प्राण लागलेले असतात. 24 मे 2025 रोजीं या सामन्यांत शेफील्ड युनायटेड आणि संडरलंड हे संघ समोरासमोर आले. दोघांचा एकेक गोल झालेला होता, नियमाचीं 90 मिनिटें सरलीं होतीं, आणि मध्यंतरीं वायां गेलेल्या वेळाची भरपाई चालू होती. तेवढ्यांत संडरलंडनें दुसरा गोल केला, आणि निकाल लागला. शेफील्डच्या संघाच्या नांवावर वर्षभरांतील 46 सामन्यांअखेर 90 गुण होते. संडरलंडच्या नांवावर 76. चौदा गुणांनीं मागें असलेला संघ वर चढला, आणि पुढें असलेला जागच्या जागीं राहिला.

हा सामना कशासाठीं होता, आणि त्याच्या निकालावर एवढें काय अवलंबून होतें, हें समजण्यास इंग्लंडांतील दुसऱ्या श्रेणीची व्यवस्था ध्यानीं घेतली पाहिजे. तेथील धंदेवाईक फुटबॉल ही अनेक मजल्यांची एक इमारत आहे असें समजावें. सर्वांत वरच्या मजल्यावर प्रीमियर लीगचे 20 संघ असतात. त्याच्या खालच्या मजल्यावर 24. या मजल्याला 2004 पासून चॅम्पियनशिप असें भारदस्त नांव मिळालें असलें, तरी मूळची ती 1892 सालीं सुरू झालेली दुसरी श्रेणीच होय. येथील प्रत्येक संघ उरलेल्या 23 संघांशीं दोनदां खेळतो, एकदां आपल्या गांवीं आणि एकदां परगांवीं; म्हणून सामने 46. जिंकल्यास 3 गुण, बरोबरी झाल्यास 1. वर्षाअखेर पहिले दोन संघ आपोआप वर जातात. वर जाण्याची तिसरी जागा मात्र 2024-25 पर्यंतच्या कित्येक हंगामांत तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाच्या चार संघांनीं आपसांत निर्णायक सामने खेळून मिळवावयाची असे. वेंब्लीचा तो सामना या तिसऱ्या जागेचा. वरच्या मजल्यावरील शेवटचे तीन संघ तितक्याच निश्चितपणें खालीं येतात, आणि दुसऱ्या श्रेणींतील शेवटचे तीन तिसऱ्या श्रेणींत उतरतात.

याचा अर्थ असा कीं, दुसरी श्रेणी हें कायम राहण्याचें ठिकाण नव्हे; ती दोन मजल्यांमधील उंबरठा आहे. आपल्याकडे उंबऱ्यावर बसूं नये असें वडीलधारीं माणसें सांगतात. येथें तर 24 संघ वर्षभर उंबऱ्यावरच बसलेले असतात. त्यांतला कोणीहि स्वस्थ नसतो, आणि या अस्वस्थतेंतच या श्रेणीचें सारें वैभव व सारें दुःख साठविलेलें आहे.

ही रचना कोणीं एकट्यानें आंखली नाहीं. गरजेंतून ती वाढत गेली. तिचें मूळ लँकेशायरच्या कापडगिरण्यांत व मिडलंड्समधील कारखान्यांत आहे. 1850 च्या कारखाने-कायद्यानें गिरण्यांतील स्त्रिया व तरुण कामगार यांचें शनिवारचें काम दुपारीं दोन वाजतां थांबूं लागलें, आणि पुढें हळूहळू इतर कामगारांचीहि शनिवारची दुपार मोकळी झाली. त्या मोकळ्या दुपारीं फुटबॉल शिरला. ब्लॅकबर्न, बर्न्ली, बोल्टन, ॲक्रिंग्टन, डार्वेन हीं त्या काळचीं गिरणगांवें. हिंदुस्थानांत जें विलायती धोतर घरोघर नेसलें जाई, त्यांतलें पुष्कळसें ब्लॅकबर्नच्या आसपासच्या मागांवर विणलेलें असे. परदेशी कापडावरील बहिष्कारानंतर या भागांतील विणकरांची काय दशा झाली हें समक्ष पाहण्यासाठीं गांधीजी सप्टेंबर 1931 मध्यें डार्वेन येथें गेले होते. त्याच डार्वेनचें नांव दुसऱ्या श्रेणीच्या पहिल्याच वर्षाच्या इतिहासांत आहे, हें पुढें दिसेल.

1885 सालीं इंग्लंडच्या फुटबॉल-मंडळानें धंदेवाईक खेळाडूस मान्यता दिली. परंतु खेळाडूला पगार द्यावयाचा तर दर शनिवारीं तिकिटें विकलीं गेलीं पाहिजेत, आणि तिकिटें विकावयाचीं तर दर शनिवारीं खात्रीचा सामना हवा. चषकाच्या स्पर्धेंत पहिल्याच फेरींत संघ हरला, तर त्याचें काम संपे. मैत्रीचे सामने तर आयत्या वेळीं रद्द होत. ही अडचण बर्मिंगहॅमच्या ॲस्टन व्हिला क्लबचे एक संचालक विल्यम मॅकग्रेगर यांनीं ओळखली. ते मूळचे स्कॉटलंडचे, आणि धंद्यानें कापडाचे दुकानदार. त्यांनीं 2 मार्च 1888 रोजीं कांहीं प्रमुख क्लबांना पत्र पाठवून असें सुचविलें कीं, ठराविक संघांनीं एकत्र येऊन वर्षभराचें वेळापत्रकच आंखून घ्यावें. 17 एप्रिल 1888 रोजीं मँचेस्टर येथें फुटबॉल लीगची रीतसर स्थापना झाली. सहा क्लब लँकेशायरचे व सहा मिडलंड्सचे, असे एकंदर 12 सभासद होते. पहिले सामने 8 सप्टेंबर रोजीं झाले.

या व्यवस्थेंत एक प्रश्न प्रथमपासूनच दडलेला होता. बारांची पंगत बसली. बाहेर उभे असलेल्यांचें काय? आरंभीं शेवटच्या क्रमांकाच्या संघांनीं पुनः मतें मागावयाचीं आणि सभासदांनीं त्यांना ठेवावें किंवा काढावें, अशी रीत होती. म्हणजे निर्णय मैदानावर नव्हे, तर दिवाणखान्यांत. 1892 सालीं प्रतिस्पर्धी असलेली फुटबॉल अलायन्स ही संघटना लीगमध्यें विलीन झाली, पहिल्या श्रेणींत 16 संघ झाले, आणि 12 संघांची दुसरी श्रेणी निर्माण झाली. तेव्हां या दोन श्रेणींमध्यें जाण्या-येण्याचा मार्ग काय असावा हें ठरवावें लागलें. वरच्या श्रेणींतील शेवटच्या तिघांनीं खालच्या श्रेणींतील पहिल्या तिघांशीं एकेक कसोटीचा सामना खेळावा, असें ठरलें.

पहिल्याच वर्षीं या कसोटीनें आपला कठोरपणा दाखविला. 1892-93 मध्यें दुसऱ्या श्रेणींत पहिला आला स्मॉल हीथ, म्हणजे आजचा बर्मिंगहॅम सिटी. कसोटीच्या सामन्यांत त्याची गांठ न्यूटन हीथशीं पडली. तोच पुढें मँचेस्टर युनायटेड या नांवानें जगप्रसिद्ध झाला. पहिल्या दिवशीं बरोबरी झाली, दुसऱ्या सामन्यांत स्मॉल हीथ हरला, आणि वर्षभर सर्वांच्या पुढें राहूनहि तो तेथेंच राहिला. दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाचे शेफील्ड युनायटेड आणि डार्वेन मात्र वर गेले. शेफील्डकडून हरलेला ॲक्रिंग्टन हा लीगच्या मूळच्या बारांपैकीं एक. खालच्या श्रेणींत खेळण्यापेक्षां त्यानें लीगच सोडली, आणि थोड्याच वर्षांत तो क्लब बंद पडला. डार्वेनचें वैभवहि अल्पायुषी ठरलें. एका वर्षांत तो खालीं आला, आणि 1898-99 च्या हंगामांत लागोपाठ 18 सामने हरून लीगच्या बाहेर पडला. वर चढणें, खालीं येणें आणि नाहींसें होणें, या तिन्ही गति पहिल्या सात वर्षांतच दिसून आल्या.

कसोटीच्या पद्धतीचा शेवट मात्र विनोदी झाला. 1898 सालीं वरचे दोन व खालचे दोन अशा चार संघांत हे सामने होत होते. शेवटचा सामना स्टोक आणि बर्न्ली यांचा होता, आणि बरोबरी झाली तर दोघांनाहि पहिल्या श्रेणींत जागा मिळणार होती. मग कोणी कशाला गोल करील? दोन्ही संघांनीं गोलकडे चेंडू न मारण्याचा जणुं पणच केला होता. प्रेक्षकांना हा प्रकार इतका असह्य झाला कीं, चेंडू बाहेर आला म्हणजे तो परत न देण्याची त्यांनीं गंमत चालविली, असें सांगतात. सामना अर्थातच गोलशून्य बरोबरींत सुटला. यांत न्यूकॅसलवर उघड अन्याय झाला होता. तेव्हां लीगनें पहिली श्रेणी 18 संघांची करून न्यूकॅसल व ब्लॅकबर्न यांनाहि आंत घेतलें, आणि कसोटीचे सामने कायमचे बंद केले. 1898-99 पासून शेवटचे दोन खालीं व पहिले दोन वर, असा साधा व निर्विवाद नियम सुरू झाला. त्या नियमानें पहिल्या वर्षीं वर गेलेल्या दोघांत एक मँचेस्टर सिटी होता, आणि दुसरा डर्बीशायरमधील ग्लॉसप या चिमुकल्या गिरणगांवाचा संघ. ग्लॉसप एका वर्षांत परत आला. परंतु एक वर्ष का होईना, तो मोठमोठ्या शहरांच्या बरोबरीनें पंगतीला बसला होता.

नियम साधा असला, तरी सामर्थ्यवानांना तो वांकवितां येत नसे असें नाहीं. पहिल्या महायुद्धानंतर 1919 सालीं पहिली श्रेणी 20 वरून 22 संघांची करावयाची होती. युद्धामुळें सामने थांबण्यापूर्वींच्या शेवटच्या हंगामांत वरच्या श्रेणींत टॉटनहॅम अगदीं तळाशीं होता, व दुसऱ्या श्रेणींत बार्न्स्ली तिसरा होता. त्यांपैकीं कोणास घ्यावें असा प्रश्न असतां, सभेनें मतदान करून जागा दिली ती आर्सेनलला. तो संघ दुसऱ्या श्रेणींत पहिल्या चारांतहि नव्हता. आर्सेनलला 18 मतें पडलीं, टॉटनहॅमला 8. त्यानंतर आर्सेनल कधींहि खालीं उतरलेला नाहीं. आणि उत्तर लंडनमधील या दोन क्लबांच्या वैरांत ती जुनी जखम अद्याप ताजी आहे. दार गुणांवर उघडावें कीं वजनावर, हा प्रश्न त्या दिवसापासून या खेळाच्या पाठीस लागलेला आहे.

तथापि दार बहुधा गुणांवरच उघडत राहिलें, आणि त्यांतून काय निष्पन्न झालें तें पाहण्यासारखें आहे. लिव्हरपूल 1954 मध्यें दुसऱ्या श्रेणींत घसरला, आणि आठ वर्षें तेथें अडकून पडला. डिसेंबर 1959 मध्यें बिल शँक्ली त्याचे व्यवस्थापक झाले. जुने खेळाडू जाऊन नवे आले, सरावाची पद्धत बदलली, आणि 1962 मध्यें संघ वर आला तो 1964 मध्यें इंग्लंडचा विजेता झाला. इप्सविचची कथा तर याहून नवलाची. आल्फ रॅम्झी यांच्या हाताखालीं हा संघ 1961 मध्यें दुसऱ्या श्रेणींत पहिला आला, आणि पहिल्या श्रेणींतील आपल्या पहिल्याच वर्षीं, 1962 मध्यें, तेथेंहि पहिला आला. याच रॅम्झींनीं 1966 मध्यें इंग्लंडला जगज्जेतेपद मिळवून दिलें. 1973-74 पासून वर जाणाऱ्यांची संख्या दोनाची तीन झाली. हा फरक कोणास किरकोळ वाटला असेल. परंतु 1977 मध्यें ब्रायन क्लफ यांचा नॉटिंगहॅम फॉरेस्ट तिसराच आला होता. जुना नियम असता, तर तो खालींच राहिला असता. तो वर गेला, 1978 मध्यें देशाचा विजेता झाला, आणि 1979 व 1980 अशीं लागोपाठ दोन वर्षें युरोपचा चषक त्यानें जिंकला. एका जिन्याची एक पायरी रुंद केल्यानें युरोपचा इतिहास बदलला.

या दारानें मोठ्यांनाहि सोडलें नाहीं. मँचेस्टर सिटी 1937 मध्यें देशाचा विजेता होता. पुढच्याच वर्षीं श्रेणींतील सर्वांहून अधिक, म्हणजे 80 गोल करूनहि तो खालीं गेला. मँचेस्टर युनायटेड 1934 मध्यें तिसऱ्या श्रेणींत जाण्यापासून केवळ शेवटच्या दिवशींच्या एका विजयानें बचावला, आणि 1974 मध्यें पहिल्या श्रेणींतून खालीं आला. अशा वेळीं दुसऱ्या श्रेणींतील लहान गांवांना मोठा लाभ होई. एरवीं जे पाहुणे वर्तमानपत्रांतच भेटावयाचे, ते एखाद्या शनिवारीं गांवांतील मैदानावर पाहुणचाराला येत.

येथवर पाहिलें तें या श्रेणीचें वैभव. तें टिकून राहिलें याचें एक कारण असें कीं, वरच्या व खालच्या मजल्यांमधील जिना फार उंच नव्हता. खेळाडूंच्या वेतनास कमाल मर्यादा होती. जानेवारी 1961 मध्यें ती उठली तेव्हां ती आठवड्याला 20 पौंड होती. तिकिटांच्या उत्पन्नाचा कांहीं भाग यजमान संघ पाहुण्यास देत असे. श्रीमंत क्लब श्रीमंत होते, पण गरिबांच्या हांकेच्या अंतरावर होते. 1983 मध्यें पाहुण्याचा तो वांटा बंद झाला. त्याच सुमारास दूरचित्रवाणीचा पैसा येऊं लागला. आरंभीं तो सर्व 92 क्लबांत सारखा वांटला जाई, पुढें मोठ्यांनीं अधिक मागितला. 1992 मध्यें पहिल्या श्रेणींतील 22 क्लब लीगमधून बाहेर पडले, त्यांनीं प्रीमियर लीग स्थापन केली, आणि प्रक्षेपणाचें उत्पन्न आपल्यापुरतें ठेवलें. दार बंद झालें नाहीं. चढण्या-उतरण्याचा नियम तसाच राहिला. परंतु जिन्याच्या पायऱ्या मात्र एकाएकीं उंच झाल्या.

जो संघ वर जातो, त्याला एका वर्षांत इतकें उत्पन्न होतें कीं, खालच्या मजल्यावर तितकें मिळविण्यास कित्येक वर्षें लागावींत. म्हणून वेंब्लीच्या त्या एका सामन्याला जगांतील सर्वांत मौल्यवान सामना म्हणण्याची रूढि पडली आहे. उलट, जो संघ खालीं येतो त्याचे खेळाडूंशीं झालेले करार वरच्या मजल्याच्या हिशेबाचे असतात. तो एकदम कोसळूं नये म्हणून प्रीमियर लीग त्याला कांहीं वर्षें भरपाई देते. विमानांतून उडी टाकणाऱ्याच्या छत्रीवरून तिला पॅराशूटची रक्कम असें म्हणतात. 2016-17 पासूनच्या नियमानुसार पहिल्या वर्षीं समान वांट्याच्या 55 टक्के, दुसऱ्या वर्षीं 45 टक्के, आणि संघ एकाहून अधिक हंगाम वर राहिला असल्यास तिसऱ्या वर्षीं 20 टक्के, असें तिचें मान ठरविण्यांत आलें. हेतु दयेचा, परिणाम मात्र दुहेरी. कालपर्यंत वर असलेला संघ ही छत्री घेऊन खालीं उतरला म्हणजे तो शेजाऱ्यांच्या मानानें धनाढ्य ठरतो. शेजाऱ्यांना त्याच्याशीं बरोबरी करावयाची असते, आणि मग ते जवळ नसलेला पैसा खर्चूं लागतात. अनेक हंगाम असे गेले आहेत कीं, दुसऱ्या श्रेणींतील सर्व क्लबांनीं मिळून वेतनावर केलेला खर्च त्यांच्या एकंदर उत्पन्नाहूनहि अधिक होता. कोणत्याहि गृहस्थास हा संसार फार दिवस चालणार नाहीं हें सांगतां येईल.

डर्बी कौंटी हें याचें उदाहरण. हाहि 1888 च्या बारांपैकीं एक, आणि 1972 व 1975 चा देशविजेता. 2014 मध्यें वेंब्लीच्या निर्णायक सामन्यांत तो शेवटच्या मिनिटास झालेल्या एका गोलानें हरला. 2019 मध्यें तेथेंच पुनः हरला. दरवर्षीं दार हाताच्या अंतरावर दिसे आणि दरवर्षीं त्यासाठीं आणखी खर्च होई. तीन वर्षांत मिळून 3 कोटी 90 लक्ष पौंडांहून अधिक तोटा करूं नये अशी मर्यादा त्या वेळीं होती. 2018 मध्यें क्लबचें मैदानच मालकाच्या दुसऱ्या कंपनीस विकण्यांत आलें. सप्टेंबर 2021 मध्यें क्लब दिवाळखोरीच्या कायद्याखालीं प्रशासकांच्या हातीं गेला. त्याबद्दल 12 आणि हिशेबांतील दोषाबद्दल 9, असे एकंदर 21 गुण कापले गेले, आणि 2022 मध्यें तो तिसऱ्या श्रेणींत उतरला. ऑक्टोबर 2025 मध्यें शेफील्ड वेन्सडे या दुसऱ्या एका जुन्या क्लबवरहि प्रशासक नेमण्याची पाळी आली. येथें बुडतो तो केवळ एक धंदा नव्हे. पणजोबांपासून ज्या बांकावर एका कुटुंबानें शनिवार काढले, तें बांकच जाण्याचा प्रसंग असतो.

महाराष्ट्राचा या कथेशीं एक साक्षात् संबंध आहे. लँकेशायरचें धोतर ज्या ब्लॅकबर्नमधून येत असे, तेथील ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब नोव्हेंबर 2010 मध्यें पुण्याच्या व्हेंकीज या कुक्कुटपालनाच्या उद्योगानें विकत घेतला. या क्लबचा इतिहास म्हणजे दुसऱ्या श्रेणीच्या जिन्याचाच इतिहास. 1898 मध्यें पहिली श्रेणी वाढविल्यामुळें तो बचावला, हें वर आलेंच आहे. 1936 मध्यें तो प्रथम खालीं उतरला. 1992 मध्यें दुसऱ्या श्रेणींत सहावा येऊन, वेंब्लीचा सामना एका गोलानें जिंकून, तो अगदीं वेळेवर नव्या प्रीमियर लीगमध्यें शिरला. आणि पोलादाचे व्यापारी जॅक वॉकर यांच्या औदार्यानें 1995 मध्यें देशाचा विजेता झाला. पुण्याच्या मालकीखालीं तो मे 2012 मध्यें खालीं आला. ज्या सामन्यानें हें ठरलें, त्यांत संतापलेल्या प्रेक्षकांनीं मालकांच्या धंद्याची आठवण म्हणून एक जिवंत कोंबडी मैदानावर सोडली होती. 2017 मध्यें क्लब तिसऱ्या श्रेणींतहि गेला, आणि 2018 मध्यें परत आला. एकेकाळीं ब्लॅकबर्नचें कापड पुण्यास येत असे. पुढें पुण्याचा पैसा ब्लॅकबर्नच्या खेळाडूंचे पगार भागवूं लागला. मालकांनीं वर्षानुवर्षें पैसा पुरविला हें खरें, आणि तेवढ्यानें वरचें दार उघडलें नाहीं हेंहि खरें.

पैशावांचून दार उघडतच नाहीं काय? या प्रश्नाला ल्यूटन टाऊननें एक उत्तर दिलें. हा क्लब 2014 पर्यंत पांचव्या श्रेणींत होता. तेथून एकेक पायरी चढत तो मे 2023 मध्यें वेंब्लीस पोंचला, आणि कॉव्हेंट्रीला हरवून प्रीमियर लीगमध्यें गेला. त्याच्या जुन्या मैदानाच्या एका बाजूचा प्रवेश ओळीनें उभ्या असलेल्या राहत्या घरांच्या मधून आहे. जिना चढतांना प्रेक्षकांना शेजाऱ्यांच्या परसांतील वाळत घातलेले कपडे दिसतात. या मैदानावर एक वर्ष देशांतील सर्वांत श्रीमंत संघ खेळून गेले. पुढें 2024 मध्यें ल्यूटन खालीं आला, आणि 2025 मध्यें आणखी एक मजला खालीं गेला. चढणें अशक्य नाहीं, परंतु वर टिकणें किती कठीण झालें आहे तें यावरून कळतें. 2023-24 मध्यें वर गेलेले तिन्ही संघ वर्षाअखेर परत आले. 2024-25 मध्येंहि नव्यानें वर गेलेले तिन्ही परतले. दार फिरतें राहिलें, पण बहुतेक त्याच त्या लोकांस आंत-बाहेर करूं लागलें, अशी तक्रार तेव्हां ऐकूं येऊं लागली. अखेर ब्रिटिश पार्लमेंटनें जुलै 2025 मध्यें कायदा करून क्लबांच्या आर्थिक व्यवहारांवर देखरेख ठेवणारा स्वतंत्र नियामक निर्माण केला. वरच्या व खालच्या मजल्यांत पैशाची वांटणी कशी व्हावी, या वादांतहि त्याला अधिकार देण्यांत आले आहेत.

हें दार नसेल तर काय होतें, हें पाहण्यास मात्र इंग्लंडला जाण्याची गरज नाहीं. भारतांत 2007 पासून आय-लीग ही राष्ट्रीय स्पर्धा होती, आणि तिच्याखालीं तिची दुसरी श्रेणी. पांच वेळां राष्ट्रीय विजेता ठरलेला गोव्याचा धेंपो क्लब 2015 मध्यें या दुसऱ्या श्रेणींत उतरला, आणि 2016 मध्यें ती जिंकून परत वर येण्यास पात्र झाला. परंतु त्याच सुमारास असा आराखडा पुढें आला कीं, 2014 मध्यें सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगला पहिलें स्थान द्यावें, आय-लीगला त्याखालचें, आणि दोहोंमध्यें चढण्या-उतरण्याचा मार्ग ठेवूं नये. याच्या निषेधार्थ साळगांवकर, स्पोर्टिंग गोवा आणि धेंपो या तिन्ही गोमंतकीय क्लबांनीं त्या वर्षीं राष्ट्रीय स्पर्धेंतून अंग काढून घेतलें. ज्या जिन्याला वरचें दारच नाहीं, तो चढावयाचा कशासाठीं, हा त्यांचा प्रश्न साधा होता. 2022-23 पासून आय-लीग ही रीतसर दुसरी श्रेणी झाली, आणि तिच्या विजेत्यास वर जाण्याची सोय झाली. 2023 मध्यें पंजाब व 2024 मध्यें कलकत्त्याचा मोहमेडन स्पोर्टिंग हे त्या वाटेनें गेले. धेंपोहि 2024-25 मध्यें आय-लीगमध्यें परतला. पण त्याच हंगामाचें विजेतेपद गोव्याच्याच चर्चिल ब्रदर्सला आधीं देण्यांत आलें, आणि मग जुलै 2025 मध्यें स्वित्झर्लंडमधील क्रीडा-लवादानें तें इंटर काशीचें असल्याचा निर्णय दिला. 1892 पूर्वीं इंग्लंडांत जो निर्णय दिवाणखान्यांत होई, तो येथें न्यायासनापुढें झाला. मैदानावरचा निकाल हाच अखेरचा निकाल, एवढा विश्वास बसण्यास इंग्लंडालाहि पुष्कळ वर्षें लागलीं, हें लक्षांत घेतलें तर निराश होण्याचें कारण नाहीं. पण घाई करण्याचें मात्र आहे.

दुसऱ्या श्रेणीची थोरवी तिच्यांतील खेळाच्या दर्जावर मोजतां येत नाहीं. ती मोजावयाची तिच्या दोन्ही टोकांच्या दारांवरून. वरचें दार लहान गांवाला आशा देतें, खालचें दार मोठ्याला जाग देतें. हीं दोन्हीं दारें उघडीं असून भागत नाहीं. मधला जिना माणसाच्या पावलाला झेपेल इतकाच उंच असावा लागतो, नाहीं तर वर चढणारा कर्जाच्या शिडीनें चढतो आणि शिडीसकट कोसळतो. स्मॉल हीथ 1893 मध्यें पहिला येऊन खालीं राहिला, तेव्हां त्यानें लीग सोडली नाहीं. तो पुढच्याच हंगामांत पुनः खेळला, दुसरा आला, आणि या वेळीं कसोटीचा सामना जिंकून वर गेला. शेफील्ड युनायटेडचे प्रेक्षकहि वेंब्लीहून परतल्यावर ऑगस्टमध्यें पुनः त्याच मैदानावर, त्याच बांकांवर येऊन बसले.